बसवर न लागलेला फोटो

तिला ऑफिसात सगळे कात्री म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. जाहिरातींच्या त्या छोट्याशा कंपनीत सात माणसं होती. सहा जण जाहिराती बनवायचे आणि सातवी ही, त्या कापायची. शिक्षण कायद्याचं, पण कोर्टात उभं राहायची भीती वाटायची, म्हणून ही नोकरी धरली आणि इथेच रमली. कुठलीही जाहिरात बाहेर पडायच्या आधी तिच्या टेबलावर यायची. त्यात खोटं काय, फुगवलेलं काय, कायद्यात न बसणारं काय, ते ती लाल पेनाने खोडायची आणि समासात मुंगीएवढ्या अक्षरांत कारण लिहायची.

तिच्या समोर कवी बसायचा. जाहिरातींचा मजकूर लिहिणं हे त्याचं काम. कॉलेजात असताना त्याने एकूण दोन कविता केल्या होत्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. दोघांचं दिवसातून तीनदा वाजायचं आणि चारदा एकत्र चहा व्हायचा.

त्या सोमवारी कवी भलताच खुशीत होता. नवीन गिऱ्हाईक मिळालं होतं, वजन कमी करण्याचं क्लिनिक. क्लिनिक एका डॉक्टरीणबाईंचं, पण बाहेरचे सगळे व्यवहार बघायला एक मॅनेजर होता. त्याला सगळं उद्याच हवं असायचं, म्हणून पहिल्याच भेटीनंतर ऑफिसने त्याचं नाव ‘उद्याच’ ठेवून टाकलं. उद्याचला बसच्या मागच्या बाजूला मोठ्ठी जाहिरात हवी होती. बारा बसवर.

कवीने कागद तिच्यापुढे सरकवला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

कागदावर होतं: ‘आठवड्याला एक सुई, महिन्याला पाच किलो बाय बाय! ना उपास, ना त्रास. फक्त याच महिन्यात सवलत!’

कात्रीने पेनाचं टोपण काढलं.

“अगं, वाच तरी आधी नीट,” कवी म्हणाला.

“वाचलं. ही सुई म्हणजे ते आठवड्याला घ्यायचं इंजेक्शनच ना? डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही ते?”

“तेच. पण मी नाव कुठे घेतलंय?”

“नाव घेतलं नाहीस, पण शेंबड्या पोरालाही कळेल. चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाची जाहिरात लोकांपुढे करायची नाही. नाव घेऊन नाही, आडून नाही, चित्र काढूनही नाही. सुई गेली.” तिने सुई खोडली. “महिन्याला पाच किलो, हे कुणी सांगितलं तुला? प्रत्येकाचं शरीर वेगळं. इतक्या दिवसांत इतके किलो असं वचन द्यायचं नाही. गेलं. ‘ना त्रास’ तर धडधडीत खोटं. औषध आहे म्हटल्यावर त्रासही असणार. आणि ‘याच महिन्यात’ काय? औषध काय सेलमधला टॉवेल आहे, संपायच्या आत उचलायला?”

कवीने कागद परत घेतला आणि उजेडात धरला. “उरलं काय मग? ‘आठवड्याला.’ एवढंच?”

“आणि ‘ना उपास’.”

“‘आठवड्याला ना उपास.’ वा! बारा बसवर हेच लावू या.”

ऑफिसची मालकीण, जिला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत, ती आपल्या केबिनमधून ओरडली, “कात्री नाही म्हणाली असेल तर नाही! दुसरं लिही रे!”

इथपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. गंमत दुपारी सुरू झाली.

क्लिनिककडून फोटोंचं पाकीट आलं. कवीने ते उघडलं, दोन फोटो काढले आणि म्हणाला, “हे बघ, आधी आणि नंतर. काय फरक आहे! आणि खाली पेशंटबाईंचं मनोगतही आहे. हे तरी राहू दे गं, हे खरं आहे.”

“आधी-नंतरही चालत नाही, आणि औषधाबद्दल पेशंटने गायलेले गोडवेही,” असं म्हणत कात्रीने हात पुढे केला, फोटो घेतले, आणि तिचा हात तसाच राहिला.

‘आधी’च्या फोटोत एक जाड बाई सोफ्यावर बसली होती. पोटावर उशी घट्ट धरलेली, मान जरा वळवलेली, कॅमेरा कधी एकदा हटतो अशी वाट बघत असल्यासारखी. सोफा कात्रीच्या घरचा होता. उशी कात्रीने स्वतः शिवलेली होती. फोटोच्या कडेला एक कोपर दिसत होतं, तेही कात्रीचंच.

आणि बाई म्हणजे तिची सख्खी ताई.

‘नंतर’च्या फोटोत ताई निळा ड्रेस घालून, कमरेवर हात ठेवून, सरळ कॅमेऱ्यात बघून हसत होती. खाली लिहिलं होतं: ‘चार महिन्यांत अठरा किलो! काहीही त्रास नाही. मी नव्याने जगायला लागले.’

“ओळखीची आहे का?” कवीने विचारलं.

“कोबीचं सूप,” कात्री म्हणाली.

“काय?”

“काही नाही.” तिने फोटो पालथे घातले. “मी जरा बाहेर जाऊन येते.”

आता या सुपाचं सांगायला हवं. गेले चार महिने ताई बारीक होत चालली होती आणि विचारलं की एकच उत्तर द्यायची: “काही नाही गं, रोज संध्याकाळी चालते आणि रात्री कोबीचं सूप.” ताईचे यजमान, म्हणजे भावजी, रोज तिच्याबरोबर चालायला जायचे आणि ते सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. कात्रीचं वजनही चाळिशीनंतर जरा वाढलेलंच होतं. ताईचं बघून तीही सात आठवडे रात्री कोबीचं सूप पीत होती. पाण्यात मोजे उकळल्यासारखं लागायचं ते. सात आठवड्यांत तिचं वजन चारशे ग्रॅमने उतरलं होतं, आणि आपल्यातच काही खोट आहे, आपल्याला निश्चय म्हणून नाहीच, असं म्हणत ती दर रविवारी काट्यावरून उतरायची.

बसमधून जाताना हे सगळं तिच्या डोक्यात रटरटत होतं.

ताईचं दुकान धोब्याच्या आणि किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानांच्या मधे, एका खोलीचं. कपडे घट्ट-सैल करून देणं, चेन बदलणं, बाह्या आखूड करणं, असलं काम. तीस वर्षं ताई दुसऱ्यांच्या कमरा मोजत आली होती. पॅंट आणून देणारी माणसं दारातच पोट आत घ्यायची आणि ताई हसून म्हणायची, “श्वास सोडा, नाहीतर पॅंट घालून श्वास घेता येणार नाही.” कुणाचं पोट किती सुटलं हे तिला त्यांच्या बायकांच्याही आधी कळायचं, पण तिने कधी कुणाची गोष्ट दुसऱ्याला सांगितली नाही. स्वतःचे कपडे मात्र ती दुकान बंद केल्यावर सैल करायची.

कात्री पोचली तेव्हा ताई एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कोटाला टाचण्या लावत होती. तोंडात चार टाचण्या. बहिणीचा चेहरा बघून तिने भुवया उंचावल्या.

“थांबते मी,” कात्री म्हणाली आणि स्टुलावर बसली. गृहस्थ जाईपर्यंत तिला दम निघेना. ते दाराबाहेर पडले न पडले तोच तिने विचारलं, “कोबीचं सूप, ताई?”

ताईच्या लगेच लक्षात आलं. तिने टाचण्या एकेक करून उशीला टोचल्या. “तुमच्या ऑफिसात आले का फोटो? तुमच्याकडेच येतील असं नव्हतं वाटलं मला. एवढ्या कंपन्या आहेत.”

“सात आठवडे मी ते पाणी प्यायले!”

“सूप मीही प्यायले गं. खोटं नाही बोलले. फक्त सगळं नाही बोलले.”

“का पण? औषध घेतलंस यात लाजण्यासारखं काय आहे?”

“तुला नाही कळायचं.” ताईने टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. “चालले म्हटलं की लोक टाळ्या वाजवतात. औषध घेतलं म्हटलं की म्हणतात, हं, म्हणजे फुकटचं मिळवलं. लहानपणापासून ऐकत आलेय मी. ‘जरा तोंडावर ताबा ठेव.’ आई म्हणायची, मावशी म्हणायची, शाळेतली शिवणाची बाई म्हणायची. तू काडी, मी मडकं. आता एकदा मला वाटलं, लोकांनी म्हणावं, हिने करून दाखवलं.”

“आणि बसवरचा फोटो? तो बघून नसतं का कळलं सगळ्यांना?”

ताई एकदम लाजल्यासारखी हसली. “तो मॅनेजर म्हणाला, ‘बाई, तुमच्यासारखा चेहरा हवा.’ माझा चेहरा! बावन्न वर्षांची झाले, एकाही फोटोत मी पुढच्या रांगेत नाही. कुठे खांद्यामागे, कुठे उशीमागे. आणि हा माणूस म्हणतो, बारा बसवर लावतो. मी म्हटलं लाव. कळू दे ज्याला कळायचंय त्याला. बारा बसवरून फिरणाऱ्या बाईला कोण काय बोलणार?”

कात्रीला इथे हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. ती म्हणाली, “ताई, तो फोटो लागणार नाही.”

“का?”

“कायद्यात बसत नाही. चिठ्ठीवरच्या औषधाबद्दल पेशंटने असं सांगायचं नाही. आधी-नंतर दाखवायचं नाही. कुणाचाही असता तरी मी काढलाच असता.”

“तू काढणार?”

“ते माझंच काम आहे गं.”

ताईचा चेहरा बदलला. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “आयुष्यभर तू बारीक होतीस. सगळे फोटो तुझेच. आता एक माझा निघाला, तर तोही तूच खोडणार.”

शेजारच्या दुकानात किल्ली घासल्याचा आवाज येत राहिला.

ताई पाठमोरी होऊन कोट हँगरला लावायला गेली, आणि मधेच तिने टेबलाची कड धरली. कोट खाली पडला. ती खुर्चीत बसली आणि तोंडावर रुमाल धरला.

“ताई? काय होतंय?”

“काही नाही. होतं असं. जाईल.”

“कधीपासून होतंय?”

“आठ-दहा दिवस झाले. डोस वाढवल्यापासून. काही खाल्लं की उलटून पडतं. पाणीसुद्धा.”

कात्रीने जवळ जाऊन पाहिलं. फोटोतला निळा ड्रेस इथे खुंटीला टांगलेला होता आणि खुर्चीतल्या ताईचे ओठ कोरडे, सुकलेले होते. डोळ्यांखाली काळं आलं होतं. हे मघाशी आपल्याला दिसलं कसं नाही, याची तिला शरम वाटली. आपण सुपाचा हिशोब करत आलो.

“डॉक्टरांना सांगितलंस?”

ताईने नाही म्हणून मान हलवली.

“का नाही सांगितलंस?”

“सांगितलं तर औषध थांबवतील. आणि फोटोखाली लिहिलंय ना, काहीही त्रास नाही. मॅनेजरने लिहून आणलं, मी सही केली. त्याबदल्यात पुढची इंजेक्शनं त्याने फुकट द्यायचं ठरलंय. मग मी कुठल्या तोंडाने सांगू, मला त्रास होतोय म्हणून?”

“याच तोंडाने सांगायचं,” कात्री म्हणाली आणि तिने फोन उचलला.

क्लिनिकचा नंबर तिच्याकडे होताच. उद्याचला टाळून तिने थेट डॉक्टरीणबाईंना मागितलं आणि फोन ताईच्या हातात दिला. ताई आधी “तसं काही विशेष नाही” म्हणाली. मग पलीकडून प्रश्न येत गेले आणि तिची उत्तरं लांबत गेली. शेवटी तिने फोन ठेवला आणि भेदरलेल्या शाळकरी मुलीसारखी म्हणाली, “आत्ताच्या आत्ता बोलावलंय.”

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, उंच, पायात खेळायचे बूट घातलेल्या. त्यांनी ताईला तपासलं, रक्त घेतलं, सलाईन लावलं. मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

“दहा दिवस उलट्या होतायत आणि तुम्ही मला एक फोन केला नाहीत. मी इतकी चावकी वाटते का?”

“तसं नाही हो डॉक्टर. पण ते फोटोचं ठरलं होतं ना, फुकट इंजेक्शनांचं.”

“कसलं फुकट इंजेक्शनांचं?”

ताईने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. जाहिरातीचं सगळं त्यांनी मॅनेजरवर सोडलं होतं, कारण त्यांना स्वतःला जाहिरातीतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती.

“हे माझंच चुकलं,” त्या सरळ म्हणाल्या. “पुढचं इंजेक्शन सध्या नाही. पोट ताळ्यावर आलं की बघू, आणि सुरू केलंच तर कमी डोसवर. आणि हे नीट ऐका. तुम्हाला त्रास झाला म्हणून तुम्ही नापास झाला नाहीत. बऱ्याच जणांना होतो. पण तुम्ही सांगितलंच नाहीत, तर मला कसं कळणार?”

ताईने मान डोलावली. मग हळूच विचारलं, “वजन परत वाढेल का?”

“थोडं वाढू शकतं. तेव्हा परत बोलू. मी कुठे पळून जात नाहीये.”

घरी जाताना रिक्षात कात्री म्हणाली, “मी बारीक होते खरी. पण प्रत्येक फोटोत आई मला पुढे ढकलायची, आणि मी मागे वळून तुझा हात शोधायचे. एकटं उभं राहायची भीती वाटायची मला. कोर्टात वाटते ना, तशीच.”

“मला वाटायचं, तू मिरवतेस.”

“मिरवत कसली होते! चड्डी ओली व्हायची बाकी होती.”

ताई हसायला लागली, आणि हसताना तिचं पोट दुखायला लागलं, तेव्हा म्हणाली, “नको गं हसवूस, टाके पडल्यासारखं दुखतंय.”

भावजी दारातच उभे होते. ताईने चपलाही न काढता एका दमात त्यांना सगळं सांगून टाकलं, औषध, फोटो, उलट्या, सगळं. भावजींनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “औषधाचं माहीत आहे मला.”

“काय?”

“फ्रिजमध्ये लोण्याच्या मागे डबा असतो ना. लोणी मीच खातो या घरात. पहिल्या आठवड्यातच दिसला.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू लपवत होतीस म्हणजे तुला सांगायचं नसणार. सांगशील तेव्हा सांगशील, म्हटलं. उलट्यांचं मात्र ठाऊक नव्हतं. ते लपवायला नको होतंस.” आणि ते तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले. कात्रीने पाहिलं, स्वयंपाकघरात ते ग्लास हातात घेऊन जरा वेळ नुसतेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बैठक बसली. बाई, कवी, कात्री, समोर उद्याच. तो आल्या आल्या घड्याळ बघायला लागला.

“बसवाल्यांना मजकूर उद्याच द्यायचाय. अडलंय कुठे?”

कात्रीने त्याला एकेक मुद्दा समजावला. उद्याच ऐकत होता, पण पाय हलवत होता.

“मॅडम, समोरच्या रस्त्यावरचं क्लिनिक तर चक्क सिरिंजचं चित्र छापतं. त्यांना कुणी पकडलं?”

“अजून नाही पकडलं,” कात्री म्हणाली. “तुम्हाला पहिला नंबर लावायचाय का?”

“बरं, सुई नको. आपण ‘ती जादू’ म्हणू. जादूला काय कायदा आहे?”

“आहे. ज्याला जे समजावं म्हणून लिहिलंय ते समजलं, की झाली ती जाहिरात. तुम्ही त्याला जादू म्हणा नाहीतर कोथिंबीर म्हणा.”

कवी खोकला. त्याला कोथिंबीर आवडली होती.

“आणि पेशंटबाई स्वतः खुशीने सांगतेय, त्याचं काय? तिचा अनुभव आहे तो!”

“ती पेशंटबाई माझी सख्खी बहीण आहे,” कात्री म्हणाली. “म्हणून बाई, या कामातून मला काढून दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यायचं असेल तर घ्या. मी आधीच सांगते.”

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “बाहेरच्या वकिलालाही दाखवू. पण तो काही वेगळं सांगणार आहे असं वाटतं का तुला?”

“नाही.”

“मग बोल पुढे.”

“तिने ज्यावर सही केली तो मजकूर यांनी लिहिलाय. ‘काहीही त्रास नाही’ हे वाक्य यांचं आहे. काल तिला सलाईन लावावं लागलं. आणि त्या सहीच्या बदल्यात यांनी तिला फुकट औषध कबूल केलंय.”

उद्याचचा पाय हलायचा थांबला. तेवढ्यात दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई आत आल्या, तेच बूट घालून. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या आपणहून आल्या होत्या. त्यांनी मॅनेजरकडे बघून एवढंच म्हटलं, “आणखी किती जणांना कबूल केलंय?”

“दोघांना,” तो पुटपुटला.

“त्या दोघांना आज संध्याकाळपर्यंत मी स्वतः फोन करणार आहे. तुमच्याशी नंतर बोलते.” मग त्या बाकीच्यांकडे वळल्या. “मला समजावून सांगा. मी डॉक्टर आहे, माझं क्लिनिक आहे, हे तरी लोकांना सांगता येतं ना?”

“येतं की,” कात्री म्हणाली. “सल्ल्याची, तपासणीची जाहिरात करता येते. तुमचं नाव, शिक्षण, नोंदणीचा नंबर, वेळ, पत्ता. औषधाचा विषय तुमच्या खोलीत, तुम्ही आणि पेशंट, दोघांत.”

“मला तेवढंच हवंय. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना औषध लागतच नाही. कुणाचं थायरॉइड असतं, कुणाची झोप गेलेली असते. आणि निम्मे तर येतच नाहीत, लाजतात. त्या लाजणाऱ्यांना आत यायला सांगा. बाकी मी बघते.”

कवीने पेन्सिल उचलली, कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं आणि कागद कात्रीपुढे सरकवला.

‘वजनाबद्दल बोलायचंय, पण लाज वाटते? दार लावून घ्या. डॉक्टर ऐकायला बसल्या आहेत.’

कात्रीने वाचलं. पेनाचं टोपण काढलं. पुन्हा वाचलं. टोपण लावलं.

“काय?” कवी म्हणाला. “एकही शब्द खोडला नाहीस?”

“नोंदणीचा नंबर खाली टाक.”

कवी उठून उभा राहिला आणि खिडकीपर्यंत जाऊन आला. नऊ वर्षांत हे पहिल्यांदा घडलं होतं. त्याने तो कागद घरी नेऊन बायकोला दाखवला, आणि बायको म्हणाली, “यात काय आहे एवढं? साधंच तर आहे.”

बाहेरच्या वकिलाने होकार दिला आणि बारा बस तेवढ्या दोन ओळी पाठीवर घेऊन फिरायला लागल्या. मॅनेजर जाहिरातीच्या कामातून गेला. डॉक्टरीणबाईंनी त्याला हिशेब आणि गाद्या-पडद्यांची खरेदी दिली, जिथे उद्याच हवं असण्याचा उपयोग होता. क्लिनिकचे फोन वाजायला लागले. बरेच जण फोनवर आधी “मी मित्रासाठी विचारतोय” म्हणायचे.

ताईला बरं व्हायला दोन आठवडे लागले. कात्रीने कोबीचं सूप सोडलं आणि डॉक्टरीणबाईंकडे वेळ घेतली. तिला औषधाची गरज नव्हती. डॉक्टरांनी तिला झोप वाढवायला सांगितलं, जे तिला औषधापेक्षा अवघड गेलं.

पण ताई जरा उदासच होती. दुकानात बसायची, काम करायची, पण श्वास सोडायला सांगताना हसायची नाही. कात्रीला ते दिसत होतं. एका रविवारी ती कवीला आणि कवीच्या कॅमेऱ्याला घेऊन दुकानात आली.

“हे काय?” ताई म्हणाली.

“तुझ्या दुकानाची पाटी बघितलीस का? ‘अल्टरेशन’मधला ‘अ’ कधीचा पडलाय. लोकांना वाटतं, काहीतरी परदेशी नाव आहे. जाहिरात करू या.”

“माझी कसली जाहिरात?”

“तुझ्या कामाची. बसवर नाही, बसस्टॉपवर. ढगळ कोट आधी, मापात बसलेला कोट नंतर. कोटाला आधी-नंतर चालतं. मी सगळे नियम बघितलेत.”

ताईने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. “आणि कोट घालणार कोण?”

“तू.”

“माझं दीड किलो वाढलंय परत.”

“मग कोट दीड किलोला बसेल असा कर. शिंपीण तू आहेस.”

कवी म्हणाला, “मी एक चार ओळींचं यमक आणलंय.” त्याने ते म्हणून दाखवलं. ताईने ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “नको. असं लिहा: ‘कपडा तुमच्या मापाचा करून मिळेल.’ बास.”

कवीने कात्रीकडे बघितलं. कात्रीने खांदे उडवले. त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं.

फोटो काढताना ताईने आधी दोन्ही हातांनी कोट पोटावर ओढून धरला. कवी कॅमेरा धरून थांबून राहिला. भावजी दारात उभे होते. शेवटी ताईने स्वतःच हात सोडले, श्वासही सोडला, आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

बसस्टॉपवर फोटो लागल्याच्या तिसऱ्या दिवशी दुकानात एक तरुण बाई आली. हातात लग्नात घालायचा ड्रेस होता. चेन वरपर्यंत जात नव्हती. तिने ड्रेस टेबलावर ठेवला, ताईकडे बघितलं, परत बघितलं.

“त्या फोटोतल्या तुम्हीच ना? आमच्या शेजारीण म्हणत होत्या, तुम्ही बरंच वजन कमी केलंत. कसं केलंत हो? चालून?”

कात्री स्टुलावर बसून चहा पीत होती. तिचा कप ओठांशीच थांबला.

“चालले,” ताई म्हणाली. “आणि औषधही घेतलं. डॉक्टरांनी तपासून दिलेलं. वजन उतरलं, मग मला उलट्या झाल्या, सलाईन लागलं, मग थोडं वाढलं. आता कमी डोस सुरू आहे, बघू. मला जमलं ते तुम्हाला जमेलच असं नाही, आणि लागेलच असंही नाही. विचारायचं असेल तर डॉक्टरांना विचारा. मी शिंपीण आहे.”

तरुण बाई जरा गोंधळली, मग हळूच म्हणाली, “मला वाटलं, नुसतं चालूनच होत असेल. मी दोन महिने चालतेय. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.”

“असं वाटतं खरं,” ताई म्हणाली. तिने ड्रेस उलटा केला आणि शिवणीवरून बोट फिरवलं. “आत कापड भरपूर सोडलंय. चांगला शिवलाय कुणीतरी. दोन इंच आरामात निघतील.” तिने टेप उचलली. “हात वर करा बघू. आणि श्वास सोडा.”